बर्फाला पाणी मारलं त्याची गोष्ट

माझ्या नवऱ्याची नोकरी जिला मिळाली, तिला मी घरी जेवायला बोलावलं ते तिचं तोंड एकदा बघून घ्यावं म्हणून. मनात दुसरं काही नव्हतं.

आमच्यात नवऱ्याला नावाने हाक मारत नाहीत, पण इथे मी हाशमच लिहिते, नाहीतर 'हे' आणि 'ह्यांनी' करून वाचणाऱ्याचा जीव जाईल. हाशम रियाधमध्ये अल मलाझला बायकांच्या कपड्यांच्या दुकानात होते. लग्न करून मला श्रीवर्धनकडच्या आमच्या गावातून इथे आणलं, तेव्हापासून त्याच दुकानात. मग कायदा आला की अशा दुकानांत सौदी माणसं बसवायची, आणि बायकांचं दुकान असेल तर सौदी बाई. आमचा कफील, म्हणजे ज्याच्या व्हिसावर आम्ही इथे तो मालक, भला माणूस. त्याने हाशमना चहा पाजला, स्वतःचे डोळे पुसले आणि सांगितलं, थंडी संपेपर्यंत राहा, नव्या मुलीला काम शिकव, मग फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं गावी. रडायचं कोणी आणि रडला कोण!

हाशम म्हणजे असा माणूस, की कोणी घराबाहेर काढलं तरी जाताना दाराला तेल घालून जाईल, करकरतं म्हणून. त्या मुलीला त्यांनी मन लावून शिकवायला घेतलं. रोज घरी येऊन तिचं कौतुक. अबीर अशी, अबीर तशी, अबीरने आज एकटीने गिऱ्हाईक सांभाळलं. मी भाकरी थापता थापता म्हटलं, "आणा एकदा घरी. आपल्या पोटावर पाय कोण देतंय ते बघू तरी."

मोठं, मिजासखोर काहीतरी येईल अशी माझी तयारी होती. आली एक उंच, हडकुळी पोर. हातात खजुराचा डबा, आणि चपला दाराबाहेर काढाव्यात की आत, यातच अडखळलेली. माझं अरबी भाजीबाजारातलं, तिचं इंग्रजी शाळेतलं. मधे आमची मुलगी मेहनाज, जी मला मराठीत कधी उत्तर देत नाही, ती दुभाषी. अबीर म्हणाली, पहिल्याच दिवशी एका बाईने तिला सगळ्यांसमोर झापलं, तेव्हा अम्म हाशम मधे पडले. अम्म म्हणजे काका. "ते नसते तर मी त्या दिवशीच घरी गेले असते," असं म्हणून ती तांदळाच्या भाकरीशी झगडू लागली. कोळंबीचं कालवण तिच्या मनगटापर्यंत आलं होतं. राग धरायचा तर समोरच्याने थोडी मदत करायला हवी ना. ही काहीच मदत करेना.

तेवढ्यात मेहनाजने कपाट उघडलं आणि वरचा तिच्या शाळेचा व्हॉलीबॉल घरंगळत खाली आला. माझ्या एका हातात कालवणाचं भांडं. दुसऱ्या हाताच्या बोटांनी मी तो बॉल वरच्या वर उचलून दिला, पंख्याला न लागता, थेट मेहनाजच्या हातात. माझं लक्षसुद्धा नव्हतं. अबीरचा घास मात्र हातातच राहिला.

"खाला, तुम्ही खेळायचात," ती म्हणाली. खाला म्हणजे मावशी. हा शब्द त्यांचाही आणि आमचाही, त्याला दुभाषी लागला नाही.

खेळायचे म्हणजे काय! शाळेत मोहन सरांनी मुलींचा संघ बांधला होता, त्यात नेटजवळ उभी राहून शॉट मारणारीला बॉल उचलून द्यायचं काम माझं. तालुक्याला आम्ही पहिल्या आलो. जिल्ह्याला जायच्या आधी माझं लग्न ठरलं. इथे आले तेव्हा बायकांना मैदान कुठलं? फ्लॅट, गाडी, मॉल, पुन्हा फ्लॅट. हाशम मात्र दर शुक्रवारी गाव कमिटीच्या व्हॉलीबॉलला जायचे. आमच्या गावचे रियाधमधले सगळे पुरुष शहराबाहेरच्या वाळूत दोन बांबू रोवून खेळायचे, आणि मी डबा भरून द्यायचे. बावीस वर्षं मी डबे भरले. त्याचं दुःख असं कधी बोलून दाखवलं नाही, पण शुक्रवारी भाजीत मीठ जास्त पडायचं हे खरं.

अबीरने फोनवर एक व्हिडिओ दाखवला. युरोपातला कुठलातरी डोंगर, गुडघाभर बर्फ, आणि त्यात मुली व्हॉलीबॉल खेळताहेत. पायात फुटबॉलचे खिळ्यांचे बूट, डोक्याला कानटोप्या. नेटच्या एका बाजूला तिघी, बाहेर एक राखीव, पंधरा पॉइंटचा गेम. नवा खेळ. हिवाळी ऑलिंपिकमध्ये जायचं म्हणतो, पण अजून दारातच उभा आहे, आत कोणी घेत नाही. रियाधच्या एका मॉलमध्ये बर्फाचा हॉल झाला होता, पोरंबाळं घसरायला जातात तसला. तिथे मंगळवारी दुपारी फक्त बायकांना सोडत. अबीर आणि तिच्या मैत्रिणी तिथेच नेट लावून खेळायच्या.

"लोक हसतात आम्हाला," ती म्हणाली. "वाळवंटात बर्फाचा खेळ. पण खाला, कोणीतरी खेळत राहिल्याशिवाय त्याला खेळ म्हणणार कोण?"

महिन्याने तिथे सामने होणार होते. खेळांच्या एका महिला समितीवरच्या हेस्सा मॅडम बघायला येणार होत्या. त्यांना पटलं तर बायकांना दर मंगळवारचा हॉल कायमचा मिळणार होता, नाहीतर तिथे आणखी एक घसरगुंडी होणार होती. सौदी मुलींचे दोन संघ होते. पाहुण्यांचा, म्हणजे परदेशी बायकांचा, एक हवा होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आमची तिकिटं सामन्यांनंतरच्या आठवड्यातली. एक मॅच. इथून कायमची जायच्या आधी फक्त एक मॅच मला खेळायची होती, आणि ती इतकी हवी होती की चाळीशी उलटलेल्या बाईला त्याची लाज वाटावी. मला वाटली नाही.

तिसरी खेळाडू मिळाली शर्मिला. आमच्याच इमारतीतली, मूळ पुण्याची. तिचा नवरा तेलाच्या कंपनीत इंजिनियर. कॉलेजात ती टेबल टेनिस खेळायची. "टेबलाएवढंच नेट आहे ना?" तिने विचारलं. नेट बघितल्यावर तिने मान वर करून त्याची उंची मोजली, पण मागे हटली नाही. मेहनाज आणि मी धरून तिघी. बथ्याच्या बाजारातून जुने फुटबॉलचे बूट घेतले. मला माझ्या मापाचे मिळाले नाहीत, म्हणून आत दोन मोजे घातले.

दर मंगळवारी अबीर आपल्या गाडीने आम्हाला न्यायची. बायकांना गाडी चालवायची परवानगी नुकतीच मिळाली होती, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एका बाईच्या शेजारी पुढच्या सीटवर बसले. सिग्नलला ती दात-ओठ खायची. मी मनातल्या मनात कुराणातली आयत म्हणायचे. हॉलमध्ये शिरलं की नाकातलं पाणी गोठायचं. पाय घोट्यापर्यंत रुतायचे, उडी निम्मीच व्हायची, आणि थंडीने कडक झालेला बॉल बोटांना विंचवासारखा डसायचा. पण बर्फात पडलं की लागत नाही. मी पडायचे, उठायचे, हसायचे. मेहनाज म्हणायची, "मम्मा, यू आर क्रेझी." अबीर मात्र मला नेटजवळ उभी करून सारखं सांगायची, बॉल द्या, अजून उंच द्या. तिचा शॉट चांगला होता, फक्त तिला कोणी नीट उचलून देणारं नव्हतं. माझा राग कुठल्या मंगळवारी गेला ते मला सांगता येणार नाही. एके दिवशी शोधला तर सापडला नाही.

सामन्याच्या दिवशी सकाळी हॉल बंद होता. नेट बांधायला, दोऱ्या ताणायला माणसं हवी होती. हाशम म्हणाले, "आमची गाव कमिटी हाय ना! तू फक्त खेळ." बायको खेळणार म्हणून त्यांना केवढा आनंद! कमिटीचे पाच जण दुकानांतून सुट्टी काढून गेले. दुपारच्या आत काम आटोपून बाहेर पडले, कारण नंतर हॉलमध्ये पुरुषाला पाऊल टाकता येत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा हेस्सा मॅडम आधीच आल्या होत्या. पन्नाशीच्या, धारदार नाकाच्या, काळी पर्स छातीशी धरलेल्या. भोवती चाळीसेक बायका, मुली, आज्या. आणि कोणीच कोर्टवर नव्हतं. अबीर तेवढी नेटजवळ दोरी धरून उभी होती, कारण दोरी सोडली तर ती घसरत होती. सगळं कोर्ट काचेसारखं चकाकत होतं.

मी बाहेर येऊन हाशमना फोन लावला. त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला. ते खाली पार्किंगमध्येच होते.

"कसा झालाय ग्राउंड?" त्यांनी विचारलं. आवाजात केवढा अभिमान!

"काय केलंत तुम्ही?"

"अगो, सगळा भुसभुशीत होता. पाय आत जात होता. तुझा घोटा मुरगळला असता. मग आम्ही पाइप लावून पाणी मारलं नि फळ्यांनी चोपून काढलं. कमिटीतला नौशाद म्हणाला, गावच्या बाबाजीच्या खळ्याला पण असा चोप बसला नव्हता."

आता या माणसाला काय म्हणावं? आमच्याकडे भातकापणी झाली की खळ्यावर किंवा शेतात व्हॉलीबॉलचं मैदान करतात. पाणी शिंपडायचं, चोपण्याने चोपायचं, सुकलं की फरशीसारखं टणक. गावातल्या प्रत्येक पुरुषाचे हात हे काम आंधळेपणाने करतात. तेच त्यांनी बर्फाला केलं. बर्फावर पाणी मारलं तर त्याचं काय होतं, हे कोकणातल्या माणसाला कोण शिकवणार?

"त्याची काच झालीय," मी म्हटलं. "कोणालाही उभं राहता येत नाहीये."

ते म्हणाले, "आम्ही येऊन फोडतो."

"तुम्हाला आत कोण घेणार?" असं म्हणून मी फोन आपटला. रडू येत होतं. सगळं आयुष्य ज्यांना मैदान मिळालं, त्यांनी माझं एकुलतं एक मैदान प्रेमाने बिघडवलं. शिव्या तरी कशा द्यायच्या?

आत आले तर अबीर लहान मुलांच्या कोपऱ्यातून प्लास्टिकची खोरी काढून वाटत होती. लाल, निळी, पिवळी. शर्मिलाने एक माझ्या हातात दिलं. हॉलमधल्या कामवाल्या बायकांनी लोखंडी दोन आणली. खिळ्यांचे बूट ज्यांच्या पायात होते, त्यांनी टाचा आपटून काच फोडायची, बाकीच्यांनी खोऱ्याने खरवडायची. घसरगुंडीवरचा ताजा बर्फ मुलांच्या घसरगाड्यांत भरून ओढत आणायचा. बायका अबाया खोचून कामाला लागल्या. एका आजीने नातवंडांना हाकलून त्यांची गाडी घेतली. कोणीतरी लग्नातलं गाणं म्हणायला सुरुवात केली, तशा टाचा तालात पडू लागल्या. हेस्सा मॅडम थोडा वेळ बघत राहिल्या, मग त्यांनी पर्स एका मुलीकडे दिली आणि पिवळं खोरं उचललं.

माझ्या शेजारी खरवडता खरवडता त्यांनी विचारलं, "हे पाणी कोणी मारलं?"

"माझ्या नवऱ्याने," मी म्हटलं. "मी पडू नये म्हणून."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि पुन्हा खोरं चालवायला घेतलं.

कोर्ट खेळण्याजोगं झालं. पण बायकांची वेळ संपत आली होती. मॅडमनी अबीरला आणि मला बाजूला घेतलं. एकच गेम होईल, त्या म्हणाल्या. आणि मला अहवाल सौदी मुलींच्या खेळाचा द्यायचा आहे, तेव्हा दोन सौदी संघ खेळतील. पाहुण्यांनी माफ करावं.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. चूक आमचीच होती, आमच्या कमिटीची. मी "खलास, काही हरकत नाही" म्हटलं आणि बाकावर जाऊन बसले. मेहनाज रडायला लागली, तिला शर्मिलाने जवळ घेतलं. माझे डोळे कोरडे होते. मला एवढंच वाटलं की दुकान गेलं तेव्हा राग आला होता, आता रागही येत नाहीये. इथे एकेक जागा सौदीला जाणारच, त्यात ही एक. पुढच्या आठवड्यात विमान, आणि गावी चाळीशीतल्या बाईला व्हॉलीबॉल खेळू कोण देणार?

गेम सुरू झाला. अबीरचा संघ तिघींचाच होता, चौथी परीक्षेमुळे आलीच नव्हती. समोरच्या चांगल्या खेळत होत्या. अबीरला बॉल मिळायचा तो एकदा डोक्यामागे, एकदा गुडघ्यावर. तरी ती मारत होती. बायका आरडाओरडा करत होत्या. मॅडम पुढे सरकून बघत होत्या. आठ-पाच असा समोरच्यांकडे गेम होता, तेव्हा अबीरने हात वर करून थांबायला सांगितलं.

ती पंचाकडे गेली, मग मॅडमकडे. बोट माझ्याकडे. आमची राखीव खेळाडू ती, असं काहीतरी ती म्हणत होती. मॅडमनी मान हलवली.

"ही तुमच्या संघाची नाही."

"मी बाहेर जातेय," अबीर म्हणाली. "जागा माझी आहे. मी तिला देतेय."

तिचं अरबी इतकं सरळ होतं की माझ्या भाजीबाजारातल्या अरबीलाही ते कळलं. मॅडमनी माझ्या हातांकडे पाहिलं. खोरं धरून ते लालभडक झाले होते. "यल्ला, जा," त्या म्हणाल्या.

अबीरने स्वेटरवरचं नंबराचं बनियन डोक्यावरून काढलं आणि माझ्या डोक्यावरून घातलं. हिजाब अडकला, तो तिनेच सोडवला. मी तिला म्हटलं, मॅडम तुलाच बघायला आल्यात, हा दिवस तुझा आहे, वेडी आहेस का तू. मराठीत म्हटलं. तिला शब्द कळले नसणार, पण ती हसली आणि तिने पाठीला हात लावून मला कोर्टात ढकललं.

पहिला बॉल माझ्या बोटांतून निसटला. दुसरा बरा गेला. तिसरा मात्र मी असा उचलून दिला, नेटच्या वर, अगदी थांबल्यासारखा, की जिने तो मारला त्या मुलीला मारताना हसू फुटलं. मग मला काही आठवत नाही. मी कोण, कुठल्या देशाची, माझा इकामा, इथे राहायचा परवाना, किती दिवसांचा, काही नाही. बॉल यायचा आणि मी तो द्यायचे. बाकावरून अबीर घसा फोडून ओरडत होती, "खाला! खाला!" आणि मेहनाज, जी मला मराठीत कधी काही म्हणत नाही, ती ओरडत होती, "आई, वर बघ! आई, वर बघ!"

आम्ही हरलो, पंधरा-तेरा. हेस्सा मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं की मंगळवार तुमचा. त्या म्हणाल्या, जिथे प्रेक्षक स्वतः मैदान खणतात, तो खेळ मी दुसरा पाहिलेला नाही. बायकांनी जिभा वळवून लकारी दिल्या, हॉल दणाणला. अबीर माझ्या गळ्यात पडली. मी बनियन काढून तिला परत दिलं, संघाकडे तेवढीच होती.

शर्मिला तिच्या नवऱ्याबरोबर गेली, अबीर आमच्यासोबत खाली आली. पार्किंगमध्ये हाशम गाडीला टेकून उभे होते. कमिटीचे बाकीचे घरी गेले होते, हे एकटेच थांबले होते. मला बघून पुढे आले, पण जवळ यायला धजेनात.

"खेळलीस?" त्यांनी विचारलं.

"खेळले," मी म्हटलं. "हिच्या जागेवर."

मेहनाजने त्यांना सगळं सांगितलं, इंग्रजीत, भरभर. हाशम ऐकत होते. मग अबीरकडे वळून त्यांनी छातीवर हात ठेवला आणि शुक्रन म्हटलं. अबीर म्हणाली, "अम्म हाशम, पहिली जागा तुम्ही दिलीत. आणि देताना शिकवून दिलीत."

ती तिच्या गाडीकडे गेली. हाशम जागचे हलले नाहीत. नोकरी गेली तेव्हा ज्यांनी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, ते पार्किंगमध्ये उभे राहून रडत होते.

"तुला इथं आणून कोंडून ठेवली, असं वाटायचं मना," ते म्हणाले. "दर शुक्रवारी डबा उचलताना वाटायचं. बोललो नाय कधी. आता जायला काय वाटणार नाय."

बावीस वर्षांत मला वाटायचं की त्यांच्या हे ध्यानीमनीही नाही. मी त्यांचा हात धरला. माझे हात अजून बर्फासारखे होते, त्यांनी ते दोन्ही आपल्या हातांत घेऊन चोळले, आणि अल्लाचे शुकर मानत आम्ही तिघं घरी आलो.